ग्रंथालयाची वही आणि फ्लास्क

संगणकाच्या पडद्यावर आपण एखादा पत्ता लिहितों आणि पळभरांत तेथें एक पान उमटतें. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, तें पान कोठेंतरी आधींच तयार ठेवलेलें होतें. बहुधा तसें नसतें. मागणी पोंचतांच दूरचा एखादा संगणक तें पान त्याच वेळीं रचतो व धाडून देतो. हें रचण्याचें काम कसें चालतें, तें शाळेच्या ग्रंथालयांतील देवघेवीच्या वहीचें उदाहरण घेऊन पाहूं.

मागणी वाचणें, पत्ता ओळखणें, उत्तर नीट बांधून परत पाठविणें, हीं कामें अशा प्रत्येक कार्यक्रमास करावींच लागतात. तीं एकदां कोणी लिहून ठेविलीं म्हणजे इतरांस आयता आधार मिळतो. या आधारास फ्रेमवर्क म्हणतात. पायथन भाषेंत अशीं अनेक फ्रेमवर्कें आहेत. अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत एका वृत्तपत्राच्या कचेरींत जन्मलेलें व २००५ सालीं सर्वांस खुलें झालेलें जँगो हें त्यांपैकीं मोठें. त्यांत बहुतेक सर्व सरंजाम तयार असतो. फ्लास्क हें हलकें. त्याच्या जन्माची कथा मोठी गमतीची आहे. ऑस्ट्रियांतील अर्मिन रोनाखर यांनीं १ एप्रिल २०१० रोजीं थट्टेनें एक लहानसें फ्रेमवर्क लोकांपुढें ठेविलें. अनेकांनीं तें खरेंच मानलें! तेव्हां त्यांनीं त्याच वर्षीं खरोखरीचें तयार केलें. बॉटल, म्हणजे बाटली, या नांवाचें एक फ्रेमवर्क आधींपासून होतें. म्हणून याचें नांव फ्लास्क, आपल्या प्रयोगशाळेंतला चंबू.

एक पत्ता, एक फंक्शन, असा फ्लास्कचा सरळ व्यवहार आहे. ‘पुस्तकें’ या पत्त्यावर मागणी आल्यास कोणतें फंक्शन चालवावें, हें त्या फंक्शनच्या डोक्यावर ॲट हें चिन्ह देऊन एका ओळींत लिहितात. फंक्शननें परत दिलेला मजकूर वाचकाच्या पडद्यावर जातो. सहासात ओळींत पहिलें पान उभें राहतें. कार्यक्रम प्रथम आपल्याच संगणकावर चालवावा, १२७.०.०.१ हा पत्ता म्हणजे संगणकानें स्वतःलाच मारलेली हांक होय. नसलेला पत्ता कोणी मागितला, तर ४०४ या आंकड्याचें उत्तर फ्लास्क आपण होऊन देतें.

पानाचा सांचा जिंजा या साधनानें भरतात. जिंजा म्हणजे जपानी देवालय. इंग्रजींत ‘टेंपल’ आणि ‘टेंप्लेट’ यांचा उच्चार जवळचा, म्हणून हें नांव. एखाद्या खोडकरानें पुस्तकाच्या नांवाच्या जागीं ब्राउझरला द्यावयाची आज्ञाच लिहिली, तरी ती चालत नाहीं, नुसतीं अक्षरें म्हणून दिसते. इतकी काळजी फ्लास्कच्या पानांत जिंजा घेतो.

मागण्यांचे मुख्य प्रकार दोन. ‘गेट’ म्हणजे नुसतें दाखवा. ‘पोस्ट’ म्हणजे ही नोंद करून घ्या. हा भेद वरवर क्षुल्लक वाटतो, परंतु नवशिके येथेंच फसतात. समजा, प्रत्येक पुस्तकापुढें ‘काढून टाका’ असा साधा दुवा ठेविला. शोधयंत्रांचे कार्यक्रम रात्रंदिवस एकामागून एक दुवे उघडीत फिरत असतात. ते याही दुव्यांवर जातील आणि सकाळीं वही कोरी दिसेल! म्हणून वहींत बदल घडविणारी प्रत्येक गोष्ट पोस्टनेंच व्हावी. शिवाय नोंद झाल्यावर वाचकास लगेच यादीच्या पत्त्याकडे वळवावें. नाहींतर त्यानें पान पुन्हा ताजें केलें कीं, तेंच पुस्तक दुसऱ्यांदा दिल्याची नोंद होण्याचा संभव.

नोंदी साठविण्यास एसक्यूलाइट पुरेसें आहे. अमेरिकेंतील रिचर्ड हिप यांनीं तें २००० सालीं प्रसिद्ध केलें. सगळी वही एका फायलींत राहते. मात्र एक पथ्य पाळावें. वाचकानें लिहिलेलें नांव एसक्यूएलच्या आज्ञेंत आपल्या हातानें जोडूं नये. नांवांत कोणी अवतरणचिन्ह घालून पुढें भलताच मजकूर लिहिला, तर आज्ञेचा अर्थच पालटतो, आणि एक नोंद पुसावयाची तेथें साऱ्याच पुसल्या जातात. आज्ञेंत त्या जागीं प्रश्नचिन्ह ठेवावें व नांव वेगळें द्यावें. मग तें कसेंही असलें तरी नांवच राहतें.

वही कोण उघडीत आहे, हें फ्लास्क मुळींच विचारीत नाहीं. ती व्यवस्था आपणच करावयाची. चुका शोधण्यासाठीं असलेली ‘डिबग’ ही सोय चालू ठेवून कार्यक्रम इंटरनेटवर ठेविला, तर परक्या मनुष्यास आपल्या संगणकावर हुकूम चालविण्याची वाट मिळूं शकते. फ्लास्कबरोबर येणारा छोटा सर्व्हरही केवळ घरच्या सरावापुरताच आहे.

आपल्या मुलानें कोणतें पुस्तक नेलें व केव्हां परत केलें, हें साऱ्या जगानें वाचावें असें कोणाही आईबापांस वाटणार नाहीं. सर्वांसाठीं असलेल्या यादींत विद्यार्थ्याच्या नांवाचा रकाना नुसता दृष्टिआड करून भागत नाहीं. ब्राउझरपर्यंत पोंचलेला मजकूर थोडी खटपट करणारास वाचतां येतो. तो रकाना फायलींतून मागवूंच नये. पुस्तक कपाटांत आहे कीं बाहेर गेलें, एवढेंच मागवावें. नांवें ग्रंथपालांच्या वेगळ्या पत्त्यावर, परवलीचा शब्द विचारूनच दाखवावीं.