ॲप उघडत नाही? फॉरमॅट मारण्याआधी

ॲपच्या चिन्हावर दोनदा क्लिक केल्यापासून त्याची खिडकी पडद्यावर येईपर्यंत संगणक बरीच कामे उरकत असतो. मूळ फाइल डिस्कवरून रॅममध्ये आणायची, तिला लागणाऱ्या डीएलएल नावाच्या मदतनीस फाइली शोधायच्या, मागच्या वेळच्या सेटिंग वाचायच्या, परवानगी तपासायची आणि मग चित्र रंगवायचे. यातले एक काम जरी अडले तरी ॲप उघडतच नाही, किंवा क्षणभर दिसून गुपचूप नाहीसे होते.

कळमेश्वरसारख्या तालुक्याच्या गावी याची खरी झळ जून-जुलैत बसते. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात आणि उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर यांसाठी सेवा केंद्रासमोर रांग लागलेली असते. नेमका तेव्हाच ब्राउझर उघडून मिटू लागला की ‘फॉरमॅट मारून घ्या’ हा सल्ला हमखास मिळतो. त्याने बऱ्याचदा काम भागतेही. पण त्यानंतर डिजिटल स्वाक्षरीचा ड्रायव्हर, मराठी फॉन्ट, स्कॅनर, प्रिंटर असे सगळे नव्याने बसवण्यात दिवस जातो. आणि दोष रॅममध्ये असेल, तर आठवड्याभरात पुन्हा तोच खेळ.

त्याऐवजी आधी बिघाडाचा आवाका ठरवावा. एकच ॲप अडते की सगळीच? वर्ड कोरे उघडते, पण एका ठरावीक फाइलवरच बंद पडते का? तसे असेल तर वर्ड निर्दोष आहे, फाइल खराब आहे. ‘ओपन अँड रिपेअर’ हा पर्याय तिच्यासाठीच असतो. संगणकावर दुसरे युजर खाते तयार करून त्यातून तेच ॲप नीट चालले, तर दोष पहिल्या खात्याच्या सेटिंगमध्ये आहे. या दोन-तीन प्रश्नांनी निम्मे काम होते आणि त्याला पैसाही लागत नाही.

एकच ॲप अडत असेल तर प्रथम टास्क मॅनेजर पाहावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबले की तो उघडतो. पडद्यावर खिडकी नसली तरी ॲपची आधीची अर्धवट प्रत आत अडकून बसलेली असू शकते आणि ती दुसरीला उघडू देत नाही. तिच्यावर ‘एंड टास्क’ केले की पुष्कळदा प्रश्न तिथेच मिटतो. त्यानंतर पाळी येते जोडण्यांची. वर्ड किंवा एक्सेल कंट्रोलची कळ दाबून धरून सुरू केले की ते सेफ मोडमध्ये, म्हणजे ॲड-इन न घेता उघडते. असे उघडून नीट चालले तर गुन्हेगार बहुधा एखादे ॲड-इन. ब्राउझरच्या बाबतीत हाच संशय एक्स्टेन्शनवर घ्यावा. बंद पडलेला नेटवर्क प्रिंटर डीफॉल्ट म्हणून ठेवला असेल तर त्याची वाट पाहतही वर्ड अडून राहते, हे मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

ॲप स्वतः काही बोलत नसले तरी विंडोज त्याची नोंद ठेवते. स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी’ असे टाइप केले की एक आलेख उघडतो. कोणत्या तारखेला कोणते ॲप कोसळले ते त्यात लाल फुलीने दाखवलेले असते आणि त्याच्या आसपास कोणते अपडेट आले, कोणते सॉफ्टवेअर बसवले, तेही दिसते. फुली पडू लागली त्याच दिवशी नवा अँटिव्हायरस बसवलेला असेल तर फार शोधावे लागत नाही. अधिक तपशील इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मिळतो. तिथे ‘ॲप्लिकेशन एरर’ या नोंदीचा क्रमांक १००० असतो आणि तिच्यात ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ या शब्दांपुढे एका फाइलचे नाव असते. ते ग्राफिक्स ड्रायव्हरचे निघाले तर ॲप पुन्हा पुन्हा काढून बसवण्यात अर्थ नाही. ड्रायव्हर बदलायला हवा. शेजारच्या सांकेतिक आकड्यांनाही अर्थ असतो. ०एक्ससी००००००५ म्हणजे ॲपने स्वतःच्या नसलेल्या स्मृतीत हात घातला. ०एक्ससी०००००७बी बहुधा ३२ बिट आणि ६४ बिटच्या फाइलींची सरमिसळ झाल्याची खूण असते.

‘व्हीसीरनटाइम १४० डीएलएल सापडत नाही’ अशा संदेशाने पुष्कळ जण गोंधळतात आणि ती एकटी फाइल इंटरनेटवर कुठून तरी उतरवतात. हा मार्ग धोक्याचा. ती फाइल मायक्रोसॉफ्टच्या ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल’ या मोफत संचाचा भाग आहे. तो संच मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घेऊन बसवावा. विंडोजच्या स्वतःच्या फाइली बिघडल्या असतील तर कमांड प्रॉम्प्टमधली एसएफसी ही आज्ञा त्या तपासून दुरुस्त करते.

एक भाग अनेक ॲप मिळून वापरत असतील, तर त्या भागातला दोष सगळ्यांना आडवे करतो. मार्च २०२१ मध्ये जगभरातल्या अँड्रॉइड फोनवर जीमेलसकट अनेक ॲप उघडताच बंद होऊ लागली. मूळ ‘वेबव्ह्यू’ या सामायिक घटकाच्या अपडेटमध्ये होते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर थांबले आणि भारतातही काही विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. अशा वेळी आपल्या यंत्रावर हात चालवण्यापेक्षा थोडे थांबणे शहाणपणाचे असते.

मराठी वापरणाऱ्यांची एक खास अडचण आहे. विंडोज बसवताना खात्याचे नाव देवनागरीत दिले की त्या नावाचे फोल्डरही देवनागरीत तयार होते. नव्या ॲपना त्याचे काही वाटत नाही, पण युनिकोडपूर्व काळातली ॲप तो पत्ता वाचू शकत नाहीत आणि सुरू होताच कोसळतात. देवनागरीसाठी विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचे कोडपेज, म्हणजे अक्षरसंकेतांचा तक्ता, नाहीच, त्यामुळे भाषेची सेटिंग मराठी करूनही हे सहसा सुटत नाही. रोमन अक्षरांत नाव दिलेले नवे खाते काढणे हा खात्रीचा उपाय. लग्नपत्रिका आणि पॅम्फ्लेट छापणाऱ्या दुकानांत पेजमेकर आणि जुने मराठी फॉन्टसंच अजूनही राबतात. त्यातल्या काहींना यूएसबीचे कुलूप म्हणजे डोंगल लागते. विंडोज बदलल्यावर डोंगलचा ड्रायव्हर चालला नाही की सॉफ्टवेअर उघडत नाही. चोरीच्या प्रतीतली ‘क्रॅक’ फाइल अँटिव्हायरसने उचलून क्वारंटाइनमध्ये टाकली तरी हेच घडते, आणि त्यात अँटिव्हायरसचे काही चुकत नाही.

विदर्भात यंत्राकडेही नीट पाहावे लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो, त्यात कापूस आणि मातीची धूळ पंख्यात जाऊन बसते. प्रोसेसर तापला की आधी संगणक मंदावतो, मग एकदम बंद पडतो. लाईन अचानक गेली आणि यूपीएसची बॅटरी संपलेली असली तर लिहिली जात असलेली सेटिंगची फाइल अर्धवट राहते. दुसऱ्या दिवशी ॲप तिच्यावरच अडखळते. आज हे, उद्या ते, असे वेगवेगळे ॲप कसलाही मेळ नसताना कोसळत असेल तर संशय रॅमवर घ्यावा. दुरुस्तीवाले रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी टोक खोडरबराने हलकेच घासतात आणि पुन्हा बसवतात. प्रकार गावठी वाटला तरी अनेकदा लागू पडतो. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपला की यंत्राची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग सुरक्षित साइटची प्रमाणपत्रे ब्राउझरला अवैध वाटतात आणि सरकारी पोर्टल उघडत नाही. एवढ्याशा सेलपायी संगणक उचलून नागपूरच्या बर्डी बाजारात नेण्याची गरज नसते.

काही वेळा बिघाड नसतोच, काळ पुढे गेलेला असतो. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला आणि त्यावर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ ठरली. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला. इंटरनेट एक्सप्लोररने १५ जून २०२२ ला निरोप घेतला. फक्त त्यातच चालणारी जुनी पाने एज ब्राउझरमधल्या ‘आयई मोड’मध्ये उघडता येतात.

एवढे करूनही ॲप उभे राहत नसेल, तर फॉरमॅट मारायला हरकत नाही. मात्र आधी टॅलीचा डेटा, डेस्कटॉपवरच्या फाइली, ब्राउझरचे बुकमार्क आणि सॉफ्टवेअरच्या परवान्यांचे क्रमांक पेनड्राइव्हवर घ्यावेत, आणि ती पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. डिजिटल स्वाक्षरी यूएसबी टोकनमध्ये असेल तर तिची गुप्त किल्ली त्या टोकनमध्येच राहते. डिस्क पुसली तरी ती जात नाही, ड्रायव्हर तेवढा पुन्हा बसवावा लागतो. फॉरमॅट मारताना टोकनला हात लावू नये, कारण टोकनच ‘इनिशिअलाइज’ केले तर मात्र किल्ली पुसली जाते आणि प्रमाणपत्र नव्याने काढावे लागते.