दोन फटक्यांच्या मध्ये

गोल्फ क्लबचा चेंडूला होणारा स्पर्श साधारण अर्धा मिलिसेकंद टिकतो. नव्वदेक फटक्यांची फेरी धरली, तर सगळे स्पर्श मिळून सेकंदाचा दहावा भागही भरत नाही. फेरीला मात्र चार तास लागतात. उरलेला सगळा वेळ चालण्यात, थांबण्यात, बघण्यात आणि ठरवण्यात जातो. गेल्या पावसाळ्यापासून माझा खेळ बिघडला होता आणि सगळा दोष मी त्या अर्ध्या मिलिसेकंदातच शोधत होते.

तिथे दोष नव्हता असं नाही. आयर्नने खेळताना क्लब आधी चेंडूला आणि मग जमिनीला लागायला हवा. झोक्याचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या थोडा पुढे पडतो, तेव्हा हिरवळीचा जो तुकडा उखडतो, तो डिव्हॉट, चेंडू होता त्या जागेच्या पुढे सुरू होतो. माझा मागे सुरू व्हायला लागला. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये फेअरवे इतके भिजलेले असतात की चेंडू पडला तिथेच रुततो. रुतलेला चेंडू उचलून, पुसून, दंड न घेता पुन्हा टाकायची नियमाने मुभा आहे, पण तो टाकायचाही ओल्या जमिनीवरच. अशा जमिनीवरून खेळताना चेंडू वर उचलून काढावा अशी ओढ शरीराला लागते. वजन मागच्या पायावर राहतं, खांदा खाली जातो, क्लब चेंडूच्या आधी मातीत शिरतो आणि ११० यार्डांचा फटका ४० यार्डांवर थांबतो. पाऊस गेला, जमीन टणक झाली, तरी शरीराला लागलेली सवय सुटली नाही.

घसरण हँडिकॅपमध्ये लगेच दिसत नाही. २०२० पासून जगभर लागू झालेल्या पद्धतीत नोंदवलेल्या शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या ८ धरून सरासरी काढतात. त्यामुळे खेळ ढासळला तरी जुन्या चांगल्या फेऱ्या काही काळ आकडा धरून ठेवतात. नव्या वाईट फेऱ्या येत राहतात, तसतशा त्या एकेक करून विसांतून बाहेर ढकलल्या जातात आणि आकडा चढू लागतो. फार चढू नये म्हणून वर्षभरातल्या आपल्या सर्वांत चांगल्या आकड्यापेक्षा पाचाहून जास्त वाढ होऊ देत नाहीत. ही पद्धत मला फार न्यायाची वाटते. वाईट दिवसांकडे ती दुर्लक्ष करते आणि माणूस चांगल्या दिवशी काय करू शकतो हे विचारते. पण चांगला दिवसच येत नसेल, तर तिच्यापाशीही उत्तर नसतं.

फेअरवेवर मी सतत हिशेब करत असे. खांदे किती वळले, मनगट कधी सुटलं, डोकं हललं का. एका फटक्यापासून दुसऱ्यापर्यंतचं चालणं या चौकशीतच संपायचं. चेंडूपाशी पोचायचे तेव्हा वारा कुठून येतोय, चेंडू चढावर आहे की उतारावर, ग्रीनच्या कुठल्या बाजूला मोकळी जागा आहे, यातलं काहीही पाहिलेलं नसायचं.

माझ्याबरोबर बहुतेक वेळा असतात ते कॅडीमामा चाळीसेक वर्षं याच कोर्सवर आहेत. भारतातल्या गोल्फचं बरंचसं ज्ञान अशा माणसांकडे आहे आणि त्यांना त्याचं श्रेय फार कमी मिळतं. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर दिल्लीच्या कॅडींमधूनच पुढे आला होता. १९९३ मध्ये तो ती स्पर्धा पुन्हा जिंकला. मामांनी मला एकही तांत्रिक शब्द सांगितला नाही. सरावाच्या जागी मैदान आखायची फक्की आणून त्यांनी गवतावर एक सरळ पांढरी रेघ मारली आणि चेंडूंची बादली बाजूला सरकवली. "चेंडू नको, मॅडम. रेघेवर उभ्या राहा. रेघेच्या पुढचं गवत निघालं पाहिजे, मागचं नाही."

चेंडू नसल्यामुळे तो उचलायची ओढच राहिली नाही. क्लब फिरवायचा, एक पाऊल पुढे सरकायचं, पुन्हा फिरवायचा. रेघ संपेपर्यंत जमिनीवर सगळा पुरावा मांडलेला असायचा. सुरुवातीला जखमा रेघेच्या मागे होत्या. हळूहळू त्या रेघेवर आल्या, मग पुढे गेल्या. वजन डाव्या पायावर गेलं की क्लब पुढे लागतो आणि मागे राहिलं की मागे. खांदे-मनगटांची सगळी चौकशी या एका गोष्टीत मिटली. डोकं रिकामं झाल्याचा मोठा फायदा मात्र पुढे कोर्सवर दिसला.

त्या सकाळी आमचा गट सर्वांत आधी निघाला. पुण्यातल्या डिसेंबरातलं दव, अजिबात न हलणारी हवा, कुठे तरी टिटवीची ओरड. गोल्फमध्ये टीच्या जागेवरचं दव पुसायला परवानगी आहे, ग्रीनवर आपल्या पटच्या वाटेवरचं पुसायला नाही. त्यामुळे पहाटेच्या ग्रीनवर प्रत्येक चेंडू आपला माग मागे ठेवतो. दुसऱ्या होलवर माझ्या जोडीदाराने माझ्यापेक्षा लांबून पट मारला आणि दवात एक गडद रेघ उमटली. बराच वेळ सरळ आणि शेवटच्या तीन फुटांत एकदम डावीकडे वळलेली. मी ती रेघ शांतपणे वाचली आणि माझा पट उजवीकडून सोडला. तो आत गेला. पावसाळ्यापासून अशी कितीतरी माहिती माझ्यासमोर पडून राहिली असेल.

आमच्या ग्रीनवरचं बर्म्युडा गवत दूर्वांच्याच कुळातलं. ते आडवं वाढतं आणि त्याची पाती एका दिशेला झुकतात. पाती आपल्यापासून दूर झुकलेली असली की गवत उन्हात चकाकतं आणि चेंडू सुळकन जातो. आपल्याकडे झुकलेली असली की ते गडद दिसतं आणि चेंडू अडखळतो. ऊन वर आल्यावर, पाचव्या-सहाव्या होलपासून, हे रंग स्पष्ट दिसायला लागले. ग्रीनवर पोचायच्या आधी, चालता चालताच मी ते पाहत होते.

सातव्यावर चेंडू बंकरमध्ये गेला. वाळू वरून कोरडी, आतून भिजलेली. ओल्या, घट्ट वाळूत क्लबचा तळ आत शिरत नाही, वरून उसळतो. माझा पहिला फटका बंकरच्या कडेवर आपटून परत पायाशी आला. दुसऱ्यात बाहेर पडले. पार चारच्या होलवर सात. महिन्यापूर्वी अशा आकड्यानंतर पुढची तीन होल्स त्याच बंकरमध्ये गेली असती. या वेळी आठव्याच्या टीकडे जाताना मामा एवढंच म्हणाले, "आत ओल आहे. पुढच्या वेळी पाय रोवाल तेव्हा समजेल." बंकरमध्ये हाताने किंवा क्लबने वाळू चाचपून पाहायला नियम मनाई करतो, पण उभं राहण्यासाठी पाय रोवता येतात आणि पायांना वाळू कळते. चौदाव्यावर पुन्हा बंकर आला. पाय रोवले, दोन इंचांवर तळवा अडला. क्लबचं तोंड नेहमीइतकं उघडलं नाही, चेंडूच्या मागे थोडी कमी वाळू घेतली. चेंडू बाहेर येऊन झेंड्यापासून सात-आठ फुटांवर थांबला. पट गेला नाही. जगातले अव्वल पुरुष व्यावसायिकही आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात, त्यामुळे त्याचं मला काही वाटलं नाही. सातव्यावरचं सात तिथे वसूल झालं.

त्या फेरीतला माझा सर्वांत आवडता फटका मात्र अकराव्यावरचा. तो फार तर तीस यार्ड गेला. पार पाचचं होल, चेंडू उजवीकडे झाडीत, समोर दोन कडुलिंबांच्या मध्ये एक फट, फटीपलीकडे ग्रीनची दिशा. फट मोहक होती. त्यातून चेंडू गेला असता तर शंभर यार्ड वाचले असते. झाडाला लागला असता तर कुठे गेला असता कोण जाणे. डावीकडे आडवा मारला तर फेअरवे नक्की. मामांनी विचारायच्या आधीच मी आठ नंबरचं आयर्न मागितलं, चेंडू उजव्या पायाजवळ घेतला आणि आडवा बाहेर काढला. सहा फटक्यांत होल संपलं, एक बोगी. हौशी खेळाडूची फेरी मोठ्या आकड्यांवर बिघडते, एकेका बोगीवर नाही. २२ हँडिकॅपच्या माणसाने अठराही होल्सवर बोगी केली, तरी ती आपल्या हँडिकॅपपेक्षा चार फटक्यांनी सरस फेरी ठरते. हे गणित मला कित्येक वर्षं पाठ आहे. त्या झाडाखाली उभं राहून ते पाळलं, याचं खरं समाधान.

सोळाव्यावर, ११० यार्डांवरून, सात नंबरचं आयर्न लागलं. असा फटका हाताला जवळजवळ जाणवतच नाही. क्लब चेंडूतून पुढे निघून जातो, मग गवत कापल्याचा आवाज येतो आणि मान वर करेपर्यंत चेंडू झेंड्याच्या उंचीच्या कितीतरी वर असतो. ग्रीनवर पडून तो एकदा उसळला आणि थांबला. मामांनी चेंडूकडे पाहिलंही नाही. ते वाकून डिव्हॉट बघत होते. तो पुढे सुरू झालेला होता, उथळ आणि सरळ. त्यांनी पिशवीतली वाळू त्यात भरली, पायाने दाबली आणि पटर माझ्या हातात दिला.

अठराव्यावर पारसाठी चार फुटांचा पट उरला. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडूचा ४३ च्या आसपास. जागा दुपटीहून जास्त. पण ती पूर्ण जागा फक्त हळू आलेल्या चेंडूला मिळते. जोरात आलेला चेंडू कडेला लागून गोल फिरतो आणि बाहेर पडतो. गवत माझ्या बाजूने गडद दिसत होतं, म्हणजे चेंडू अडणार. मामा म्हणाले, "उजवी कड." मला सरळ वाटत होतं. मी पुन्हा एकदा खाली बसून पाहिलं. होलच्या जरा अलीकडे जमीन किंचित डावीकडे उतरत होती. उजवी कड धरली, गडद गवतासाठी थोडा जोर वाढवला, आणि चेंडू मधोमध आत पडला.

९१. गेल्या काही महिन्यांत माझे आकडे शंभराच्या खाली उतरले नव्हते.

गोल्फमध्ये आपला आकडा जोडीदार लिहितो आणि आपण त्याचा. सगळं संपल्यावर सावलीत बसून दोघं होलगणिक ताळा करतात, मग सह्या होतात. जोडीदाराने पेन्सिल सातव्या रकान्यावर थांबवली.

"इथे सहा लिहिलेत. बरोबर?"

"नाही, सात. बंकरमध्ये दोन लागले."

त्याने सहा खोडून सात केलं, बेरीज पुन्हा केली. ९१ तीच निघाली, कारण बेरीज त्याने आधी तोंडी सातच धरून केली होती. सह्या झाल्या. मामा पिशवी पुसत होते. म्हणाले, "रविवारी अर्धा तास आधी या, मॅडम. ओल्या वाळूतून काढायचा सराव करू."