एकदाच रंगणाऱ्या मैफिलीचे ध्वनिमुद्रण

बेंगळुरू शहराच्या उत्तरेस हेब्बाळ हा भाग आहे. इसवी सनाच्या आठव्या शतकात तेथे कित्तय्या नावाच्या वीराच्या स्मरणार्थ शिलालेख कोरण्यात आला. २०१८ साली तो पुन्हा उजेडात आला. दगडावरील अक्षरे साडेबारा शतके टिकली; त्या काळी गायिलेले एकही गीत मात्र टिकले नाही, कारण नाद उमटताच विरून जातो.

भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाला १९०२ साली कोलकात्यात प्रारंभ झाला. गौहर जान यांच्यासारखे कलावंत मोठ्या कर्ण्यासमोर गात असत. गायन आणि साथ एकाच तबकडीवर एकत्र उमटे. तबला गायनावर चढला, तरी तो नंतर कमी करणे शक्य नसे. बहुमार्गी ध्वनिमुद्रणाने ही अडचण दूर केली. त्यात प्रत्येक आवाजासाठी स्वतंत्र मार्ग, म्हणजे ट्रॅक असतो.

आज हेब्बाळमधील एखाद्या सभागृहात वाद्यवृंद वाजत असेल, तर असे मुद्रण साध्या लॅपटॉपवरही करता येते. गायक, गिटार, बास व कीबोर्ड यांना प्रत्येकी एक आणि ड्रमला चार, असे एकूण आठ मार्ग लागतात. माइक आणि वाद्ये ऑडिओ इंटरफेस या उपकरणाला जोडतात. हे उपकरण ध्वनीचे अंकांत रूपांतर करून ते लॅपटॉपकडे पाठवते.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्स प्रणालीवर 'आर्डर' हा मुद्रणाचा कार्यक्रम चालतो. तो पॉल डेव्हिस यांनी सुरू केला. त्याची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता, बदलता आणि इतरांना देता येते. त्यामुळे अल्प साधनांच्या कलावंतांनाही तो उपयोगी पडतो.

प्रत्येक मार्गावर सेकंदाला ४८,००० नमुने नोंदवले आणि प्रत्येक नमुन्यास २४ बिट दिले, तर आठ मार्गांच्या एका तासाला सुमारे ४.१५ गिगाबाइट जागा लागते. म्हणून डिस्कवरील मोकळी जागा आधीच पाहावी.

लॅपटॉप हे नमुने लहान गटांनी स्वीकारतो. एखादा गट वेळेत हाताळला गेला नाही, तर मुद्रणात खंड पडतो. गट १,०२४ नमुन्यांचा ठेवल्यास सुमारे २१ सहस्रांश सेकंदांचा विलंब होतो. पण लॅपटॉपला पुरेशी उसंत मिळते. कलावंत स्वतःचा आवाज लॅपटॉपमधून ऐकत नसतील, तर या विलंबाने काही बिघडत नाही.

आवाजाची पातळी तालमीतच ठरवावी. रंगात आलेला गायक तालमीपेक्षा मोठ्याने गातो, म्हणून वर पुरेशी जागा सोडावी. हळू नोंदलेला आवाज नंतर वाढवता येतो. मर्यादा ओलांडून फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही. कार्यक्रम संपताच, त्याच रात्री मुद्रणाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी.

गायकाची चूक पुढील मैफिलीत सुधारू शकते. मुद्रणकाराच्या हातून निसटलेली मैफल मात्र पुन्हा होत नाही.