संशयाचा रोग आणि घरचे डॉक्टर

झोप नाही, अन्नावर वासना नाही, शेजारी पाळत ठेवतात, भिंतीआडून कोणी नाव घेते, अशा तक्रारींसह एखादा तरुण डॉक्टरांपुढे आणला जातो. घरची माणसे कारण शोधतात ते परीक्षेच्या ताणात, प्रेमभंगात किंवा बाहेरच्या बाधेत. मेथॅम्फेटामाइन या उत्तेजक द्रव्यानेही हीच अवस्था ओढवते, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

हे द्रव्य नवे नव्हे. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी ते १८९३ मध्ये एफेड्रिनपासून तयार केले. १९४१ पासून जपानात ते 'हिरोपॉन' या नावाने थकवा घालविणारे औषध म्हणून विकले जाई. युद्धकाळात सैनिकांना आणि कारखान्यांतील कामगारांनाही ते मिळे. युद्ध संपले आणि लष्करी साठे बाजारात आले. पुरवठा उदंड, किंमत अल्प आणि तरुण पिढी बेकार व निराश. व्यसन पसरावयास आणखी काय हवे? १९५१ मध्ये बंदीचा कायदा झाला, तरी १९५४ या एका वर्षात सुमारे ५५ हजार माणसे पकडली गेली. पुढे शिक्षा वाढल्या आणि त्यांच्या जोडीला रुग्णालयीन उपचारांची तरतूद झाली, तेव्हा कोठे लाट ओसरली.

तेथील मनोविकारतज्ज्ञांचा अनुभव आजही मोलाचा आहे. सेवन थांबल्यावर बहुतेकांचे भ्रम काही दिवसांत वा आठवड्यांत निवळतात. काहींचे मात्र महिनोन्‌महिने टिकतात आणि बरा झालेला रुग्णही जागरणाने, ताणाने किंवा थोड्याशा सेवनाने पुन्हा भ्रमिष्ट होऊ शकतो.

महाराष्ट्रास हा प्रश्न परका नाही. २०१६ मध्ये सोलापूरजवळच्या एका कारखान्यातून पोलिसांनी टनावारी एफेड्रिन जप्त केले होते. परंतु पुरवठा रोखणे हे पोलिसांचे काम. रुग्ण प्रथम जातो तो गल्लीतल्या दवाखान्यात. तेथे नातलगांना क्षणभर बाहेर बसवून, आवाज न चढविता, "झोप उडविणारे काही घेतोस का?" एवढा प्रश्न विचारला गेला, तर सारी दिशाच बदलते. या प्रश्नास पैसा लागत नाही. लागतो तो विश्वास. खरे सांगितले तर तुरुंग, अशी भीती ज्याच्या मनात आहे, तो उत्तर देणार नाही. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनास खटल्यापासून सवलत दिलेली आहे. ती किती पालकांना, किती शिक्षकांना ठाऊक असते? अब्रूच्या धास्तीने मुलाचे व्यसन लपविणारे घर त्याचा आजारच लांबवीत असते.