मौलाना आझादांचा ठेवा

कोलकात्यात बालीगंज भागात मौलाना अबुल कलाम आझाद ज्या घरात राहत, तिथे आज त्यांचे संग्रहालय आहे. त्यांची ग्रंथसंपदा दिल्लीत, त्यांनीच १९५० मध्ये स्थापन केलेल्या भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेने सांभाळली आहे. आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यातही नेत्यांच्या खोल्या जतन केल्या आहेत. १९४२ ते १९४५ मौलाना तिथे कैदेत होते. १९४३ मध्ये कोलकात्यात बेगम झुलेखांचा इंतकाल झाला. अखेरची भेटही झाली नाही. ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रे याच किल्ल्यातली.

११ नोव्हेंबरला, मौलानांच्या जन्मदिनी, आम्ही शाळेत शिक्षण दिन साजरा करतो. भाषणे होतात, पत्रे मात्र वाचली जात नाहीत. वास्तू सरकार जपेल. पण घरातली उर्दू आपण जपली नाही, तर हा ठेवा आपल्या मुलांशी बोलणार कसा? यंदा निदान एक पत्र मुलांसोबत वाचू या.