इसा आणि येशू : शेजारच्या दोन धर्मांची ओळख

हा विषय आमच्याकडे चालत आला तो एका सुट्ट्यांच्या यादीतून. मोशी, भोसरी, चाकण या पट्ट्यात युनियनचे काम करणाऱ्यास दर वर्षी डिसेंबरात व्यवस्थापनाशी बसून पुढील वर्षाच्या भरपगारी सुट्ट्या ठरवाव्या लागतात. गणपती, दसरा, दिवाळी यांवर घासाघीस होते, आषाढीवर हमखास भांडण होते, आणि शेवटी एखादी सुट्टी उरली की ती 'इतर धर्मीयांसाठी' म्हणून टाकून देण्यात येते. एका वर्षी आम्हीच आमच्या हाताने लिहिले : 'ईद किंवा नाताळ, यांपैकी एक.' दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना दोघे आमच्यापुढे उभे. एक मराठवाड्यातला मुसलमान वेल्डर, दुसरा नगरकडचा ख्रिस्ती फिटर. दोघांचे म्हणणे अक्षरशः एकच होते : "साहेब, आम्ही आणि ते एक नव्हे!"

चूक आमची होती. ती कबूल करून आम्ही यादी दुरुस्त केली. पण मनात खटका राहिला. ज्यांच्या बरोबर पंचवीस-तीस वर्षे एका कॅंटीनमध्ये जेवलो, त्यांच्या श्रद्धेविषयी आम्हांस काय ठाऊक होते? मशीद आणि चर्च यांच्या भिंतींचा रंग, एवढेच. शाळा आमची लवकर सुटली. त्यामुळे जे वाचले ते नंतर, रात्रपाळीच्या फुरसतीत. मराठी बायबल वाचले, कुराणाचे मराठी भाषांतर वाचले, आणि जे अडले ते त्या वेल्डरला आणि त्या फिटरला विचारले. पंडित मंडळींनी या मांडणीत उणे काढावे, आमची हरकत नाही.

प्रथम एक आश्चर्य सांगतो. आमच्या वेल्डरने एकदा सहज विचारले, "मरियमचं नाव कुणाच्या पोथीत जास्त?" फिटर हसून म्हणाला, "आमच्याच." परंतु कुराणात नाव घेऊन उल्लेखिलेली स्त्री एकच, आणि ती म्हणजे मरियम, एकोणिसावा अध्याय तिच्या नावाचा आहे. येशूला मुसलमान 'इसा' म्हणतात. तो कुमारीच्या पोटी जन्मला, त्याने ईश्वराच्या आज्ञेने आंधळ्यांना दृष्टी दिली, तो पुन्हा पृथ्वीवर येणार आहे, हे सर्व मुसलमानही मानतो. इब्राहिम, मूसा, दाऊद ही माणसेही दोघांची सामाईक. बकरी ईद म्हणजे इब्राहिमने पुत्राचा बळी देण्याची सिद्धता दाखविली त्याची आठवण. ख्रिस्ती लोक त्या पुत्राचे नाव इसहाक सांगतात, मुसलमान परंपरेने इस्माईल, आणि कुराणाने त्या जागी नावच घेतलेले नाही.

मग फाटा कोठे फुटतो? वधस्तंभापाशी. ख्रिस्ती श्रद्धेचा सारा भार त्या एका शुक्रवारवर आहे. पहिल्या मानवाच्या आज्ञाभंगाने मनुष्यजातीला पाप जडले, ते माणसाला स्वतःच्या कमाईने फेडता येईना, म्हणून देवाच्या पुत्राने स्वतःचा प्राण देऊन ते फेडले आणि तिसऱ्या दिवशी तो उठला, असे हे म्हणणे. इसाला क्रुसावर मारण्यात आलेच नाही, लोकांना तसे भासले, ईश्वराने त्याला आपल्याकडे उचलून घेतले, असे कुराण म्हणते. कारण मुसलमानाच्या हिशेबात वारशाने आलेले पापच नाही. आदमने चूक केली, क्षमा मागितली, ती मिळाली, खाते बंद. पुढे प्रत्येकाचा जमाखर्च ज्याचा त्याने द्यायचा; दुसऱ्याचे ओझे कोणी वाहायचे नाही. आता ज्यात कर्जच नाही त्यात फेडणारा कशाला? आणि ज्यात कर्ज आहे त्यात फेडणाऱ्याविना सुटका कशी? ही गाठ ध्यानात आली की बाकीचे पुष्कळ मतभेद आपोआप उलगडतात.

एकेश्वराचेही तसेच. देव एक, यावर दोघांत वाद नाही. तथापि ख्रिस्ती मनुष्य त्या एकाच देवाला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन रूपांत ओळखतो. 'तीन देव' म्हटले तर तो रागावतो, आणि त्याचे रागावणे रास्त आहे. मुसलमानाला मात्र ईश्वराला पुत्र असणे ही कल्पनाच सोसत नाही. ईश्वराने कोणाला जन्म दिला नाही आणि तो कोणापासून जन्मला नाही, हे तो रोजच्या नमाजात म्हणत असतो. महंमद पैगंबरांनाही तो पूज्य मानतो, पूजत नाही. म्हणून मशिदीत मूर्ती नाही, चित्र नाही. चर्चमध्ये मात्र कॅथलिकांकडे मूर्ती आढळते, प्रॉटेस्टंटांकडे बहुधा नुसता क्रूस.

आता मराठी माणसाला विशेष जवळची गोष्ट, ती म्हणजे भाषेची. मुसलमानाच्या दृष्टीने कुराण म्हणजे इसवी सन 610 पासून सुमारे तेवीस वर्षे उतरलेले साक्षात ईश्वराचे शब्द, आणि ते अरबी. भाषांतर हे अर्थ कळण्याचे साधन. नमाज अरबीतच व्हायचा, मग तो मोशीत होवो की मोरोक्कोत. बायबल हे अनेक शतकांत अनेकांनी लिहिलेल्या पुस्तकांचे संकलन. ते ज्या भाषेत न्यावे त्या भाषेत प्रार्थनेला चालते. म्हणूनच श्रीरामपूरच्या मिशनरी कॅरीने 1811 मध्ये मराठीत नवा करार छापला, आणि आपल्या जिल्ह्यातील केडगावी पंडिता रमाबाई मूळ हिब्रू-ग्रीकवरून संपूर्ण बायबलाचे सुलभ मराठी करीत 1922 पर्यंत, म्हणजे देह ठेवीपर्यंत, राबल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईत बसून 'सुबोध बायबल' लिहिले, आणि 2020 च्या धाराशिवच्या (तेव्हाच्या उस्मानाबादच्या) साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

याचा अर्थ इस्लामाने मराठी आपली केली नाही असा कोणी काढील तर तो चुकेल. फरक इतकाच की मराठी इस्लामाकडे गेली ती मशिदीच्या वाटेने कमी आणि दर्ग्याच्या वाटेने अधिक. सतराव्या शतकाचा आरंभीचा काळ डोळ्यांपुढे आणा. गोव्यात राशोल येथे थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री ओवी छंदात 'ख्रिस्तपुराण' रचतो. ते 1616 मध्ये छापून निघते. इकडे श्रीगोंद्याचा शेख महंमद हा मुसलमान संत त्याच ओवीत 'योगसंग्राम' लिहितो. एकाने येशूचे चरित्र सांगण्यास आपली पुराणाची चौकट घेतली, दुसऱ्याने अविंध कुळात जन्मून योगाची आणि भक्तीची परिभाषा घेतली. दोघांची ओवी एक, दोघांचा काळ एक. एकमेकांची नावेही त्यांनी ऐकली नसावीत. आमच्या मते मराठी भाषेने ज्या दिवशी या दोघांना पोटाशी घेतले, त्या दिवशी ती खरी मोठी झाली. (हे मत आमचे, त्यास पुरावा मागू नये.)

आणि आपली इंद्रायणी तर यांना केव्हाच ओळखते. देहूहून तुकोबांची पालखी निघते तेव्हा तिचा पहिला विसावा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होतो, तेथे अभंग-आरती होते आणि मग दिंड्या पुढे सरकतात. मोशीहून देहू किती दूर? तरी आमच्यापैकी कित्येकांनी पालखी पन्नास वेळा पाहिली असेल, तो विसावा एकदाही पाहिला नसेल. ख्रिस्ती बाजूने पाहावे तर रेव्हरंड नारायण वामन टिळक. 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते सांगत. 1917 मध्ये साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यास आणि न घेतलेल्यास सारखीच जागा होती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी या धर्मांतराने घराची काय ओढाताण झाली ते 'स्मृतिचित्रे'त लिहिले आहे. ज्यांना धर्मांतर ही सभेत टाळ्या घेण्याची वस्तू वाटते त्यांनी ते पुस्तक अवश्य वाचावे.

उपवासाकडे वळू, कारण कारखान्यात त्याच्याशी रोजचा संबंध येतो. रमजानात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. भट्टीपुढे उभ्या माणसाला याचा अर्थ काय होतो, हे एअर कंडिशनरमध्ये बसून कळत नाही. आजाऱ्याला आणि प्रवाशाला सवलत आहे. राहिलेले रोजे मागून भरून द्यायचे. ख्रिस्ती उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होऊन ईस्टरपूर्वी संपतो. रविवार वगळून त्याचे दिवस चाळीस. कॅथलिकांत राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला दिवसाकाठी एकच पुरते जेवण असा नियम आहे. प्रॉटेस्टंट मंडळी हे ज्याच्या त्याच्या मनावर सोडतात. एकाकडे नियमाची काटेकोर शिस्त, तर दुसऱ्याकडे आवाहन, असा हा स्वभावभेद दानातही दिसतो. जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या धनाचा चाळिसावा हिस्सा, तो देणे बंधनकारक. दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, तो पुष्कळ ख्रिस्ती मंडळ्यांत स्वखुशीचा.

सण दर वर्षी सरकतात कसे, हे मात्र आपल्याला पंचांगामुळे चटकन उमगावे. चांद्रवर्ष सूर्यवर्षाहून अकराएक दिवसांनी लहान. आपण अधिक महिना धरून ती तूट भरून काढतो. कुराणाने तसे महिने मागेपुढे करण्यास मनाई केली. म्हणून रमजान दर वर्षी मागे सरकत सुमारे तेहेतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. 2019 मध्ये आपल्याकडे रमजान ईद 5 जूनला झाली, 2025 मध्ये 31 मार्चला. ईस्टरचा हिशेब निराळा : 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. सबब गुड फ्रायडे 20 मार्च ते 23 एप्रिल यांच्या पलीकडे कधी जात नाही.

व्याजावरून आमच्या कामगार पतपेढीत एकदा बराच खल झाला. एक सभासद लाभांश घेईना. कुराणाने व्याज निषिद्ध ठरविले आहे, हे त्याचे कारण. तेव्हा काहींनी त्याची चेष्टा केली. वस्तुतः जुन्या करारातही आपल्या बांधवाकडून व्याज घेऊ नये असेच आहे, आणि मध्ययुगात चर्चने सावकारीस बंदी केली होती. पुढे व्यापार वाढला तशी ती सैल झाली. ज्यांच्या बापाची जमीन सावकाराने खाल्ली त्यांनी तरी त्या सभासदाला हसू नये, असे आम्ही त्या सभेत म्हणालो. सभा शांत झाली, पण पतपेढीने व्याज सोडले नाही, हेही सांगितले पाहिजे.

विवाहाच्या बाबतीत फरक मूळ कल्पनेतच आहे. निकाह हा करार. त्यात मेहर ठरते, साक्षीदार लागतात आणि तो मोडता येतो. कॅथलिकांस विवाह हा संस्कार, देवाने जोडलेले माणसाने तोडू नये. एकीकडे मोडणे फार सोपे होऊन स्त्री रस्त्यावर आली, दुसरीकडे मोडणे फार अवघड होऊन ती घरात कोंडली गेली. हमीद दलवाईंनी 1966 मध्ये सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला, 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. तोंडी तीन तलाक न्यायालयाने रद्द ठरविण्यास 2017 उजाडले. 1869 च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे कारण पुरे, बायकोला मात्र त्यावर आणखी क्रौर्य वा परित्याग सिद्ध करावा लागे. ती विषमता 2001 मध्ये गेली. सोसले बायकांनीच, दोन्हीकडे.

आता ज्या प्रश्नाने आमची झोप जाते तो. दोन्ही धर्मांचे सांगणे असे की ईश्वरापुढे सर्व समान. मशिदीत खांद्याला खांदा लावून उभे राहायचे, चर्चमध्ये एका भाकरीचा वाटा घ्यायचा. ही हाक ऐकून आपल्याकडे गावकुसाबाहेरचा माणूस गेला. नगर जिल्ह्यातील महार-मांग वस्त्या मिशनकडे वळल्या त्या उगाच नव्हे. पण जात मागोमाग गेली. सोयरिकीत गेली, कोठे कोठे दफनभूमीतही गेली. मुसलमानांत बिरादऱ्या राहिल्या. आणि 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आले नाहीत. 2022 मध्ये यासाठी माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमण्यात आला. आमचा तो फिटर एकदा म्हणाला, "साहेब, गावाला माझी जात माहीत आहे, सरकारला नाही." यावर आम्ही काय उत्तर देणार? जो धर्म समता सांगतो त्यात जात नाही असे कायदा धरून चालतो. पण जेवणाच्या सुट्टीत डबा उघडताना कोण कोणाजवळ बसतो, ते आम्ही रोज पाहतो.

यादीचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. नाताळ आणि रमजान ईद अशा दोन वेगळ्या ओळी झाल्या. त्यांसाठी युनियनने एक ऐच्छिक सुट्टी सोडली, आणि त्यावरून आमच्याच काही सभासदांनी आम्हांस चार शब्द ऐकविले. बकरी ईद आणि गुड फ्रायडे अजून मिळालेले नाहीत. पुढच्या करारात मागणी ठेवली आहे. ईदच्या तारखेपुढे आता कंसात 'चंद्रदर्शनानुसार' असे लिहिलेले असते. ते लिहावयास त्या वेल्डरने नव्हे, फिटरने सुचविले.