अर्ध्यावर थांबलेलें छायाचित्र

एका वर्षीं पारितोषिक-समारंभांत मुलांचीं छायाचित्रें पालकांच्या हातीं द्यावीं, असें ठरलें. मीं चाळीस चित्रें संगणकावरून एकदम प्रिंटरकडे धाडलीं. सातवें चित्र अर्धें उमटलें आणि यंत्र थांबलें. घाबरून मीं छपाईची आज्ञा पुनःपुन्हां दिली. अडचण मात्र वाढतच गेली. दूरच्या पाड्यावरून पायीं आलेली एक माउली रिकाम्या हातानें परतली. ती गोष्ट मनास लागली, म्हणून ह्या अडचणीचें कारण व उपाय येथें सांगतों.

आपल्या नवापूर तालुक्यांत घरीं मावची बोलणाऱ्या मुलास शाळेंतील मराठी प्रथम कोणी तरी समजावून द्यावी लागते. संगणक व प्रिंटर ह्यांच्यामध्यें असाच एक दुभाषी असतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात. चित्रांतील रंगांचें तो शाईच्या सूक्ष्म थेंबांच्या भाषेंत रूपांतर करितो. छपावयाचीं कामें आपला क्रम येईपर्यंत डिस्कवर रांगेंत थांबतात. ही रांग राखणारा तो स्पूलर.

आतां ओझें किती तें पाहूं. ए-४ कागदावर दर इंचास ३०० बिंदू धरिले, तर २४८० × ३५०८, म्हणजे सुमारें ८७ लाख बिंदू होतात. प्रत्येक बिंदूच्या तीन रंगांस तीन बाइट लागतात. एका चित्रास सुमारें २६ मेगाबाइट, तर चाळिसांस हजाराहून अधिक! इंचास ६०० बिंदू केले, तर हें ओझें दुप्पट नव्हे, चौपट होतें. डिस्कवर जागा अपुरी असली, ड्रायव्हर सदोष असला किंवा बिनतारी जोडणी तुटली, कीं एक काम अडतें आणि त्यामागचीं सर्व खोळंबतात.

अशा वेळीं पुन्हां आज्ञा देऊं नये. रांगेंतील कामें रद्द करावीं. तीं हटत नसतील, तर विंडोजमधील ‘प्रिंट स्पूलर’ ही सेवा थांबवून स्पूल फोल्डरांतील ‘प्रिंटर्स’ हें फोल्डर रिकामें करावें व सेवा पुन्हां सुरू करावी. नंतर एकच चित्र छापून पाहावें. तें नीट आलें, तर दोष बहुधा ओझ्याचा. तेंहि न आलें, तर तार, शाई व ड्रायव्हर तपासावे. ड्रायव्हर यंत्र बनविणाऱ्यांच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. डिस्कवर जागा मोकळी ठेवावी आणि चित्रें थोडींथोडीं धाडावीं.

पुढील वर्षीं मीं पांच-पांच चित्रें धाडलीं. एकहि अडलें नाहीं. त्या माउलीच्या मुलाचें चित्र सर्वांआधीं छापलें.